काळ्या नळीला काळा बोळा

शेजारच्या काकू पडदे शिवतात. एकसष्टाव्या वर्षी त्यांनी गाडीचा रेडिएटर स्वतः बदलायला घेतला, तेव्हा मी मॅन्युअल धरून शेजारी उभी होते. अजून सावरलेले नाही.

गाडी बावीस वर्षांची, उंच, अवजड एसयूव्ही. महिन्याभरात तीनदा तापून रस्त्यात बसली. काकांनी परस्पर भंगारवाल्याला दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बोलावलं.

"आणि मी दुरुस्त केली तर?" काकूंनी विचारलं.

"दहा मिनिटं चालू ठेवून दाखव. तापमानाचा काटा मध्याच्या वर गेला नाही, तर ठेव तुझी गाडी." काका हसले.

काकू हसल्या नाहीत. मला म्हणाल्या, "अगं, ही एकच जागा आहे, जिथे बसलं की मला कुणी चहा मागत नाही."

सकाळी गार गाडीखाली त्यांनी कपडे भिजवायचा टब सरकवला. हिरवं कूलंट त्यात उतरलं. निघालेला प्रत्येक बोल्ट पुठ्ठ्याला भोक पाडून त्यात खोचला, शेजारी खडूने खूण. पंखा उघडा पडला. रेडिएटरच्या दोन्ही रबरी नळ्या निघाल्या.

"तोंडांत बोळे घालू. कचरा जायला नको."

मी कात्रणांच्या टोपलीतून लाल तुकडा काढला.

"काळ्या नळीला लाल? एवढी पुस्तकं वाचलीस, पण नजर नाही गं तुला."

चाळीस वर्षं कापडाला जुळणारा दोरा शोधलेला हात. त्यांनी टोपली ढवळून काळं कापड काढलं. दोन नळ्या, चार तोंडं, चार काळे बोळे.

जुना रेडिएटर आम्ही दोघींनी उचलून बाहेर घेतला. नवा आत गेला. पुठ्ठा रिकामा झाला. चारला पाच मिनिटं असताना गाडी सुरू झाली.

भंगारवाला वेळेवर आला. काकांनी त्याला चहा दिला. स्वतः केलेला. सहाव्या मिनिटाला काटा मध्य ओलांडून चढू लागला.

"झालं," काका म्हणाले.

काकूंनी गाडी बंद केली. टोपलीपाशी गेल्या.

"बोळे किती निघाले?"

मी मोजले. "तीन."

"काळ्यात काळं दिसणार कसं!" काकूंनी कपाळाला हात लावला. कपाळ काळं झालं.

"चार वाजून गेले," काका म्हणाले.

"मला घाई नाही, काका," भंगारवाला म्हणाला. "चहा आहे का अजून?"

गार होईपर्यंत कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही. काकू बंपरसमोर खुर्ची टाकून पडद्याला टीप घालत बसल्या. तासाभराने वरची नळी सोडली. पार आत सरकलेला बोळा क्रोशाच्या सुईने ओढून काढला. काकांनी तो उलगडला. त्यावर खिसा होता.

"ही माझी पँट आहे!"

"होती. गुडघ्यावर फाटली होती."

"कुठे फाटली होती?"

काकूंनी नळी परत बसवली. कूलंट पुन्हा भरलं, गाडी सुरू केली. दहा मिनिटं आम्ही चौघं काट्याकडे बघत होतो. काटा मध्याखाली थांबला आणि तिथून हलला नाही. भंगारवाला जुना रेडिएटर घेऊन गेला.

काकूंनी हात पुसले. काकांच्या पँटीलाच.

"बसा," त्या काकांना म्हणाल्या. "मागे. पुढे ही बसेल."

काका मुकाट्याने मागे बसले. फेरी मारून घराच्या वळणापाशी आल्यावर त्यांनी विचारलं, "घरी गेल्यावर चहा मिळेल का?"

काकूंनी गाडी सरळ पुढे नेली.