माझ्या नावाची आंघोळ

पेणहून मी निघाले ती गणपतींच्या टेम्पोतून. मूर्तींच्या कारखान्यात दोन-तीन हंगाम पीतांबर रंगवायचं काम केलं होतं, म्हणून मालकांनी दादरला मूर्ती घेऊन जाणाऱ्या टेम्पोत मला जागा दिली. मागे पेंढ्यात बसवलेले, प्लास्टिकनं झाकलेले गणपती आणि त्यांच्या मधोमध मी. खड्डा आला की आजूबाजूच्या दोघांना सावरायचं, हेच माझं भाडं. आमचं गाव गडब, तिथून आई पेणपर्यंत सोडायला आली होती. पोह्याच्या पापडांची पिशवी तिनं माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "पोचलीस की फोन कर गो. आनि कुनी खायला दिलं तर लगेच खाऊ नको." रडायचं तिनं घरीच उरकलं होतं.

बाबा आले नव्हते. ते कासू स्टेशनवरून गाडी पकडून रोह्याच्या कंपनीत पहिल्या शिफ्टला गेले होते. त्याच रोह्यात कॉलेजच्या एकांकिकेत मी काम केलं, परीक्षक म्हणून आलेल्या बाईंनी "मुंबईला ये" म्हटलं, आणि आमच्या घरात वणवा पेटला. आदल्या संध्याकाळी बाबा म्हणाले होते, "गेलीस तर तुझ्या नावानं आंघोळ करीन." आमच्याकडे रागाच्या भरात असं पुष्कळजण म्हणतात. माणूस मेल्यावर करतात ती आंघोळ जित्या माणसाच्या नावानं करायची, म्हणजे नातं संपलं. म्हणतात सगळे, करत कुणी नाही. बाबांनी केली. शिफ्टवरून आले, अंगणातल्या नळाखाली कपड्यांसकट बसले आणि अख्ख्या आळीदेखत डोक्यावरून पाणी घेतलं.

आईनं हे मला कळू दिलं नाही. गडबच्या एका मैत्रिणीनं फोनवर सांगितलं आणि लगेच विचारलं, "तू खरंच हिरॉईन होनार काय गो?" मी होणार म्हटलं. आणि फोन ठेवला. बाप जिवंत असताना आपण मेलोय, हे ऐकून माणसानं नेमकं काय करायचं असतं, मला आजही माहीत नाही.

गोरेगावात मी पेणच्याच एका काकूंकडे राहत होते. सकाळी तयार होऊन ऑडिशनला जायचं, रांगेत बसायचं, नाव सांगायचं, उजवीकडून-डावीकडून चेहरा दाखवायचा आणि परत यायचं. "चेहरा चांगला आहे, पण बोलणं गावाकडचं आहे," असं सगळीकडे ऐकलं. मग मी बोलणं घासून घासून साफ केलं. नाय, व्हय, हाय गेलं. एकदा फोनवर आई म्हणाली, "पाव्हनीवानी काय बोलतेस गो?" तिनं ते गमतीनं म्हटलं होतं, मला लागलं.

नाव घेण्यासारखं पहिलं काम मिळालं ते एका मालिकेत. नायकाची पहिली बायको. लग्न, डोहाळजेवण आणि मरण, सगळं पटापट उरकलं. पुढचं काम माझ्या फोटोनं केलं. दिवाणखान्याच्या भिंतीवर चंदनाचा हार घालून मला टांगलं आणि दुसरी बायको येता-जाता माझ्यासमोर दिवा लावून रडायची. ती मालिका खूप चालली. माझा सगळ्यात जास्त लोकांनी पाहिलेला अभिनय म्हणजे भिंतीवरून गोड हसणं. गडबला आई रोज ती बघायची आणि संपली की टीव्हीवरून मीठ-मोहऱ्या ओवाळून चुलीत टाकायची. बाबा मालिका लागण्याआधीच उठून अंगणात जायचे. त्यामुळे घरात सगळं ठाऊक असूनही त्या फोटोचं त्यांना काहीच माहीत नव्हतं.

आणि जिते गावात राहणाऱ्या माझ्या आतेला तर मालिका हा प्रकारच माहीत नव्हता. तिच्या घरी टीव्ही नाही. एका संध्याकाळी ती शेजारी हळदीकुंकवाला गेली, तर समोर टीव्हीवर भाचीचा फोटो, त्याला हार, आणि फोटोसमोर बायका रडतायत. तिनं कुणाला काही विचारलं नाही. घरी आली, आंघोळ केली, उपाशी झोपली आणि सकाळी पहिल्या गाडीनं गडबला निघाली. हायवेवर उतरल्यापासूनच तिनं हंबरडा फोडला होता.

आई पापड द्यायला पेणला गेलेली. बाबा रात्रपाळीवरून नुकतेच आलेले, अजून कंपनीच्या कपड्यात. आते दारातच कोसळली. "दादा, पोर गेली रे आपली! टीव्हीवर दाखवली!" पुढचं आतेनंच मला नंतर सांगितलं. तिनं नळ सोडला, बादली भरली आणि म्हणाली, "दादा, आंघोळ करून घे." बाबांनी ती बादली लाथेनं उलटी केली. "मी नाय करनार. मी बगून येतो." आणि तसेच हायवेवर जाऊन एसटीत चढले.

मी बाजारातून भाजी घेऊन आले तेव्हा ते काकूंच्या खुर्चीत बसले होते. काकूंनी त्यांना परोपरीनं समजावलं होतं की ती मालिका आहे, पोरगी खाली भाजी आणायला गेलीय. त्यांचा विश्वास बसला नव्हता. मला बघून उठले, माझं मनगट धरलं आणि काकूंना म्हणाले, "हात गरम हाय." मग राग आला. "तुला मेल्याचंच काम देतात व्हय गो?"

मला आधी हसू आलं आणि मग मी इतकी रडले की भाजीची पिशवी कुठे ठेवली ते कळलं नाही. त्यांनी चहा घेतला. दुसऱ्या दिवशी ड्युटी होती म्हणून लगेच निघाले. जिन्यात थांबून म्हणाले, "त्यो हार काढायला सांग त्यांना." सांगते म्हटलं. माझ्या सांगण्यानं तिथे एक खिळासुद्धा हलत नाही, हे त्यांना सांगायला जीभ रेटली नाही.

त्या वर्षी गणपतीला मी घरी गेले. पण मेल्याचं काम काही सुटेना. माझ्यासारखीला, जिचं कुणी ओळखीचं नाही, तिला अशीच कामं येतात. खून झालेली मोलकरीण, बाळंतपणात गेलेली बहीण, दंगलीत सापडलेली भाजीवाली. गोष्ट पुढे सरकायला कुणीतरी मरावं लागतं, आणि ते स्वस्तात मरणारं असावं लागतं. दर नव्या कामाला बाबा फोनवर एकच विचारायचे, "शेवटाला काय होतं?" मी खोटं सांगायचे. तुमच्यातले जे पुण्याला, दुबईला गेलेत, ते घरी सांगतात ना, बरं चाललंय, तसंच.

मग एक सिनेमा आला. मुख्य काम माझं. मिठागरात राबणारी बाई, आणि शूटिंग पेणच्या खाडीवर. दिग्दर्शक म्हणाले, तिकडची बोली हवी. जी मी घासून टाकली होती तीच आता शिकून घ्यायची! आईला फोन करून करून बोलत राहायचे, ती वैतागून म्हणायची, "काम नाय काय गो तुला?" शेवटी ती बाईही मरते, मिठाच्या वाफ्यात. या वेळी मात्र मी बाबांना खरं सांगितलं. ते रागावले तर नको म्हणायचं, असं मनाशी ठरवलं होतं.

ते म्हणाले, "मरायचा शीन कवा हाय?"

"का?"

"मी येनार. मेल्यावर उठतेस ना, तेवढं मला बगायचं हाय."

आले. कंपनीतून केव्हाच निवृत्त झालेले, गुडघे दुखणारे बाबा बांधावरून सावकाश चालत आले आणि लाइट धरणाऱ्या पोरांच्या मागे उभे राहिले. मी मिठात डोळे मिटून पडले. मीठ अंगाला चरचरत होतं. दिग्दर्शकांनी कट म्हटलं. एरवी मी लगेच उठते. त्या दिवशी उठले नाही. घर कुठे, असं कुणी विचारलं की मी गडबही सांगते आणि गोरेगावही, आणि दोन्ही सांगताना खोटं बोलल्यासारखं वाटतं. मला फक्त बाबा काय म्हणतात ते ऐकायचं होतं. सगळं युनिट पुढच्या शॉटच्या गडबडीला लागलं. आणि मागून आवाज आला, जरासा घाबरलेला.

"झालं त्यांचं. ऊठ गो बाय."