ॲडजस्ट करा, ताई

गेल्या मंगळवारी सकाळी अकरा वाजता, तालुक्याच्या आढावा बैठकीत, आशा सेविका सुनंदाताईंचा अपमान झाला. सतरंजीवर बसलं की त्यांचे गुडघे धरतात, म्हणून त्यांनी खुर्ची मागितली. खुर्च्या साहेबलोकांसाठी होत्या आणि त्यातल्या दोन रिकाम्या होत्या.

“ताई, जरा ॲडजस्ट करा,” बैठक घेणारे साहेब म्हणाले. “खाली बसणं तब्येतीला चांगलं असतं.”

“मग या की खाली, साहेब. तुमचीही सुधारेल.”

सतरंजीवर बसलेल्या आम्ही बाकीच्या आशा सेविका हसलो. ताई मात्र भिंतीला रजिस्टर टेकवून दोन तास उभ्याच राहिल्या.

त्यांच्याकडे बघताना तो इंग्रजी शब्द डोक्यातून जाईना. एसटीत त्याचा अर्थ ‘सरका’, सासरी ‘गप्प बसा’, कचेरीत ‘रविवारीही या’. अर्थ जागोजागी बदलतो; ऐकून घेणारी बाई तीच राहते. साहेबाला कुणी ॲडजस्ट करायला सांगितल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? मी तरी नाही.

पुढच्या बैठकीला आम्ही सगळ्याजणी उभ्या राहणार आहोत. तुम्ही खुर्चीत बसणाऱ्यांपैकी असाल, तर हा शब्द तोंडातून काढण्याआधी उठा आणि खुर्ची पुढे सरकवा.