कमलाबाईंच्या वावरातला गाण्यांचा दिवस

वैशालीचा फोन आला तेव्हा मी नागपूरच्या ऑफिसात जेवणाचा डबा उघडत होते. फाल्गुनातला गाण्यांचा दिवस ठरलाय, तू यायचंच, असं ती म्हणाली. मग म्हणाली, "पण या वेळी येताना काही आणू नको."

तिला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. आदल्या वर्षी थर्माकोलच्या पत्रावळींचे दोन मोठे खोके मीच हौसेने नेले होते. गाणी झाली, जेवणं झाली, पाहुणे आपापल्या गावी परतले आणि उष्ट्या पत्रावळी वावरभर उडाल्या. ज्यांनी कार्यक्रमाला आपलं वावर, म्हणजे शेत, दिलं होतं त्या कमलाबाईंची गाय महिन्याभरात दगावली. डॉक्टरांना तिच्या पोटात थर्माकोल आणि पाण्याच्या पाकिटांचा गोळा सापडला. आठवडाभर मी जाऊ की नको करत होते. शेवटी गेले ते गाण्यांपेक्षा कमलाबाईंसमोर एकदा उभं राहावं म्हणून.

नागपूरहून वर्धा, देवळी, कळंब करत एसटीने यवतमाळला पोचायला चार तास धरा. सकाळची पहिली गाडी घ्या, बाराच्या आत पोचलं की ऊन चुकतं. कळंबला गाडी थांबते तेव्हा गरम आलूबोंडा मिळतो. शेतकऱ्यांच्या आत्महत्यांच्या त्या वर्षांत बसमध्ये बोलणं एकाच गोष्टीचं असे. कापसाचा भाव आज कुठे किती फुटला आणि खरेदी केंद्रावर कापसाची गाडी किती दिवस रांगेत उभी राहिली. माझ्या शेजारचे गृहस्थ आर्णीचे होते. गाणी ऐकायला चालले आहे म्हटल्यावर त्यांनी माझ्याकडे नीट वळून पाहिलं, आणि मग खिडकीकडची जागा मला दिली.

यवतमाळहून घाटंजीची गाडी तासाभरात मिळाली. वैशाली तिथल्या शाळेत शिकवते. हा दिवस तिनेच सुरू केला. त्याचं कारण तिने मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं: "आमच्याकडं गाड्या येतात त्या चौकशीले, नाहीतर सांत्वनाले. एखादी गाडी गाणं ऐकाले यावी."

गायीच्या प्रकारानंतर हे सगळंच बंद पडायला आलं होतं. कमलाबाईंनी वावर नाही म्हटलं. दुसऱ्या कुणी दिलं नाही. वैशाली चार महिने त्यांच्याकडे नुसती जात राहिली, विषय न काढता. शेवटी त्यांनीच अटी सांगितल्या. पाकीट, प्लास्टिक, थर्माकोल आत येणार नाही. जनरेटर नाही, कारण त्याच्या डिझेलने मागच्या वर्षी पाच-सहा पावलांची जमीन काळी झाली होती. लोडशेडिंग तर रोजचंच, म्हणजे भोंगाही नाही आणि दिवेही नाहीत. म्हणून रात्रीचा कार्यक्रम सकाळी नऊ ते सूर्य मावळेपर्यंत आला.

घाटंजीहून त्या गावी काळीपिवळी जीप जाते. ती भरल्याशिवाय हलत नाही, तेव्हा घाई ठेवू नका. वैशाली आणि मी दुपारी पोचलो. कापूस वेचून झाला होता. उपटलेल्या पऱ्हाटीचे भारे बांधाला रचून वावर मोकळं केलं होतं. ओसरीवर कमलाबाई पळसाच्या पत्रावळी निवडत होत्या. पळसाची पानं फाल्गुनात गळून जातात, म्हणून शेजारच्या कोलामपोडावरच्या, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्तीवरच्या, बायकांनी दिवाळीपासूनच पत्रावळी टाचून वाळवून ठेवल्या होत्या.

मी वाक्यं पाठ करून गेले होते. प्रत्यक्षात एवढंच म्हणाले की ते खोके मी आणले होते.

"मालूम हाये मले," त्या म्हणाल्या. "पाकिटं तं आमच्याच गावच्यायनं फेकलती. तुम्ही एकट्याच कायले घेता आंगावर? बसा, फाटक्या पत्रावळी बाजूले काढा."

मी संध्याकाळपर्यंत पत्रावळी निवडल्या. त्या मला रागावल्या असत्या तर सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी नऊला खंजेरी भजनाने सुरुवात झाली. भोंगा नाही म्हणून भजनाचे बुवा आधीच रुसले होते. मंडपाच्या टोकाशी बसून ते गायले, वारा सुटला आणि मागच्या लोकांना काही ऐकू येईना. दहा-पंधरा जण उठून गेलेसुद्धा. हे सांगायला हवं, कारण चांगल्या हेतूने केलेलं सगळं लगेच गोड लागतं असं नाही. मग बुवाच उठले, खंजेरी घेऊन लोकांच्या मधोमध येऊन बसले आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. भोवती माणसं सरकून आली. वैशालीने पुढच्या प्रत्येकाला तिथेच बसवलं.

जेवण रोडगे, वांग्याची भाजी आणि वरण. रोडगे म्हणजे कणकेचे जाड गोळे, गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले. पत्रावळी आधी पाण्याने ओल्या करायच्या, नाहीतर वरण खालून वाट काढतं. उष्ट्यासकट त्या थेट उकिरड्याच्या खड्ड्यात जात होत्या.

घोळ झाला पाण्याचा. अंदाजापेक्षा दुप्पट माणसं आली. एकच्या सुमाराला माठ संपले, विहिरीने तळ दाखवला. लहान मुलं रडायला लागली. थोड्याच वेळात कृषी केंद्रवाल्या सुरेशभाऊंचा टेम्पो बांधापाशी येऊन थांबला, पाण्याच्या पाकिटांनी भरलेला. मागच्या वर्षीही पाकिटं त्यांनीच दिली होती. यंदा नको असा निरोप गेला होता, तरी माणसं तहानली आहेत असं कळल्यावर ते आले होते.

लोक टेम्पोकडे निघाले. कमलाबाई आडव्या आल्या नाहीत, पण चालत जाऊन टेम्पोपाशी उभ्या राहिल्या. सुरेशभाऊंचा चेहरा उतरला. माझ्याच पाकिटाने गाय मेली असं सगळे धरून चालतात, असं ते म्हणाले.

"मी कुठं म्हनलं तसं?" कमलाबाई म्हणाल्या. "पानी पाह्यजेच हाये, भाऊ. पाकीट नाही पाह्यजे."

मग त्यांनी स्वयंपाकाचे दोन मोठे गंज मागवले, खाली बसल्या आणि विळ्याने पहिलं पाकीट कापून पाणी गंजात ओतलं. रिकामं पाकीट पोत्यात टाकलं. आम्ही पाच-सहा जणी बसलो. थोडा वेळ सुरेशभाऊ टेम्पोला टेकून पाहत होते. मग त्यांनी पँटची घडी वर घेतली, चाकू मागितला आणि कमलाबाईंच्या शेजारी मांडी घातली. तास-सव्वा तास आम्ही पाकिटं कापली. वावरात एकही पाकीट गेलं नाही. समोर कोलाम मंडळींचा ढोल चालू होता आणि सुरेशभाऊंची मान त्यावर हलत होती.

सूर्य कलल्यावर सगळे एका ओळीत उभे राहिलो आणि या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत वाकून कचरा वेचत गेलो. यंदाचं फारसं काही मिळालं नाही. मातीत मिसळलेले थर्माकोलचे पांढरे दाणे मात्र सापडत राहिले. ते मी मुठीत गोळा केले, पण सगळे निघण्यासारखे नव्हते.

पाकिटांची पोती सुरेशभाऊंनी परत नेली. भंगारवाल्याला देईन म्हणाले. ती पुढे कुठे गेली, मला माहीत नाही. निघताना मी कमलाबाईंना विचारलं की पुढच्या वर्षी वावर देणार का. "पाऊसपानी कसं होते पाहू," त्या म्हणाल्या. यापेक्षा जास्त त्यांनी काही कबूल केलं नाही.

नागपूरला परतल्यावर आमच्या कॉलनीच्या वार्षिक कार्यक्रमाच्या बैठकीत मी हे सगळं सांगितलं. पत्रावळींना हसून नकार मिळाला. खूप वाद घातल्यावर एक संध्याकाळ भोंग्याशिवाय करायला सेक्रेटरी तयार झाले. त्या संध्याकाळी आम्ही अकराच जण आलो. एका सतरंजीत मावलो. दोन-तीन गाणी झाल्यावर कुणाला पुढचं काही सुचेना, तेव्हा गेटवरचे चौकीदार, मारेगावचे महादेवराव, चपला काढून सतरंजीच्या कडेला येऊन बसले आणि विचारून त्यांनी एक भजन धरलं. आवाज खर्जातला, अगदी हळू. आम्ही सगळे त्यांच्याकडे सरकलो. सहा वर्षं ते रोज आमच्यासाठी गेट उघडत होते. ते गातात, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं.