सुनेचं रोमन ताट

दसऱ्याआधी देवांची चांदी घासायची, ही आमच्या घरची रीत. हॉलंडात आल्मेरेला मुलाकडे राहायला आले तरी ती सुटली नाही. त्या दिवशी निरांजन, करंडा, नैवेद्याची वाटी असं सगळं काढून बसले होते. सून युनिव्हर्सिटीत जुन्या वस्तूंचा अभ्यास करते. तिच्या टेबलावर फडक्यात गुंडाळलेलं एक थोरलं ताट दिसलं, चांदीचं, पण काळं पडलेलं. तिला वेळ कुठे मिळतो, आपल्याच हातून होऊन जाईल असं वाटलं. ओल्या फडक्यावर खाण्याचा सोडा घेतला आणि काठापासून घासायला लागले.

ताट चित्रांनी भरलेलं होतं. नाचणाऱ्या बायका, एकदम दोन बासऱ्या फुंकणारा एक जण, आणि एक धिप्पाड गडी. त्याचे पाय लटपटत होते आणि दोघांनी त्याला बगलेत धरलं होतं. लग्नात असा एखादा पाहुणा असतोच. मला हसू आलं.

मुलाचं काम त्या दिवशी घरूनच होतं. तो चहाला खाली आला आणि जागीच थांबला. म्हणाला, "आई, ते रोमन आहे. दीड हजार वर्षांपूर्वीचं."

मी फडकं खाली ठेवलं. अर्धं ताट लख्ख झालं होतं. त्याने बायकोला फोन लावला, तो लागेना. मी चौथी शिकलेली, पण माझ्यामुळे सुनेची नोकरी जाणार एवढं मला कळत होतं. दुपारभर खिडकीशी बसून राहिले.

संध्याकाळी सून आली. एरवी चार शब्द बोलायला मला वेळ लागतो, पण त्या दिवशी दारातच सगळं सांगून टाकलं. तिने ताट उलटं केलं, पाठीकडून बघितलं आणि हसली.

"आई, ही नक्कल आहे. साचा घेऊन केलेली. खरं ताट मलासुद्धा हातात देत नाहीत." मग नवऱ्याकडे वळली. "आणि तू रे? आठवडाभर ताट इथे आहे. कधी विचारलंस?"

तिच्या टेबलाकडे बघायचीसुद्धा चोरी आहे, असं तो पुटपुटला.

काळेपणा मुद्दाम दिलेला असतो, चित्रं उठून दिसावीत म्हणून, आणि तो पुन्हा देता येतो, असं तिने सांगितलं. तो गडी म्हणजे रोमन लोकांचा भीम. मद्याच्या देवाशी प्यायची पैज लावली आणि हरला. श्रीमंत लोक मेजवानीत असं ताट मांडायचे. या देवापुढे भीमही टिकत नाही, हे पाहुण्यांना कळावं म्हणून.

मधोमध एक दाढीवाला चेहरा होता, केसांतून मासे डोकावणारा. त्याच्या कडेपर्यंत घासलंय, मग हा चेहरा का सोडला, असं तिने विचारलं.

"कुणाचा तरी देव असणार," मी म्हणाले. "तोंडाला सोडा कसा चोळू?"

तो समुद्राचा देवच निघाला. सून म्हणाली, आता काळं करायचं नाही, असंच अर्धं उजळ ताट वर्गात दाखवते.

मग मला एकदम भूक लागली. दुपारचा भात तसाच होता. तो गरम न करताच, उभ्याने, दह्याबरोबर खाल्ला.