एक पोतं फक्की

होस्टेलकर मंडळी, आज तिवशाला आमच्या तुकडीचं सामने भरवायचं प्रॅक्टिकल झालं. शिसारी आली, म्हणून हा कागद फळ्यावर डकवतोय.

मैदानाच्या रेघा आखायला एकच पोतं पांढरी फक्की होती. सर म्हणाले, “पाहुणे येऊन राहिले, आधी ‘सुस्वागतम’ काढ.” मी काढलं, वेलबुट्टीसकट. फक्की तिथंच संपली.

कबड्डीत मी पंच होतो, गावच्या कप्तानाला मी बाद दिलं. तो भडकला, “रेघच नाही तं मी बाहेर कसा गेलो?”

मी म्हणालो, “अंदाजानं.”

गावची टीम हरली. पाहुण्यांनी माझं अक्षर वाखाणलं, सरांनी पैकीच्या पैकी मार्क दिले. ते मी हसत घेतले, थू!

उद्या परतवाड्याला तुमची पाळी आहे. पोतं एकच मिळेल. आधी काय काढाल?