काडीमोडीचा दाखला

दिनांक १८ नोव्हेंबर १९५८, मंगळवार. सकाळी पावणेअकरा वाजता महाडच्या मामलेदार कचेरीत माझ्या मेजासमोर दोन बाया येऊन उभ्या राहिल्या. मी तेथे अव्वल कारकून होतो.

एक साठीची, पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका डोंगरवाडीतली. दुसरी तिची सून. लुगडे, कुंकू, बांगड्या वाडीतल्या कोणत्याही बाईसारख्या. चेहरा मात्र ब्रह्मदेशचा. म्हातारीचा मुलगा लढाईत पलटणीबरोबर तिकडे गेला होता. सुनेचे घरचे बॉम्बहल्ल्यात गेले होते. तिकडेच लग्न लावून तो हिला घेऊन आला. त्याला बारा वर्षे झाली होती.

पोलीस ठाण्यात तिची परदेशी म्हणून नोंद होती. राहण्याचा परवाना दरवर्षी वाढवून मिळे, तो भारतीय नागरिकाची पत्नी म्हणून. मुलगा पुढे मुंबईत गिरणीला लागला, तेथे त्याला दुसरे लग्न करावेसे वाटले. भाद्रपदात वाडीवर येऊन त्याने पंच बसवले आणि काडीमोड घेतली. गवताची काडी पंचांनी सर्वांसमोर मोडायची, की नाते सुटले. कागद होत नसे. बातमी ठाण्यापर्यंत गेली. आता ती पत्नी नाही, सबब वर्षअखेर देश सोडावा, अशी नोटीस आली होती.

म्हातारीने नोटीस मेजावर ठेवली.

"काडी मोडलीच नाय, भाऊसाहेब. कुणीतरी आवई उठवलीय."

"तुमचे पोलीसपाटील स्वतः पंच होते, असे यात लिहिले आहे."

"त्याला दिसतंय कुठं? गेल्या साली माझा रेडा आपला म्हणून बांधून ठेवलान."

पोलीसपाटील आपल्या कामासाठी आलेले, बाहेर बाकावरच बसले होते. तेथूनच म्हणाले, "रेडा तुझाच होता गो काकी. पण काडी मीच मोडली हाय."

म्हातारीने तिकडे पाहिले नाही. "लिवा तुमी. काडी मोडली नाय. मी आंगठा देते."

मी सुनेला विचारले, "बाई, तुमचे म्हणणे काय?"

"मळणी व्हायची हाय, सायब. आईंचं गुडघं धरल्यात. तिकडं माझं कोण नाय."

खोटी जबानी घेणे माझ्या स्वभावात नव्हते. तरीही मी कागद ओढला आणि दोन ओळी लिहिल्या. मग कलम घालण्यासाठी कपाटातून नागरिकत्वाचा नवा कायदा काढला. भारतीय नागरिकाशी जिचा विवाह झालेला आहे, किंवा पूर्वी झालेला होता, अशा स्त्रीला नोंदणीने नागरिक होता येते, असे त्यात होते. मी ते दोनदा वाचले आणि लिहिलेला कागद फाडून टाकला.

काडीमोड लपवण्याची गरज नव्हती. लग्न झाले होते, एवढेच दाखवायचे होते. अडचण तीच होती. लग्न परमुलखात लागलेले, त्याचा कागद नाही, आणि नवरा साक्षीला येणार नाही.

मी पाटलांना आत बोलावले. "लग्न नसताना कोणाला काडी मोडून देता काय?"

"नाय वो. ठेवलेल्या बाईला काडी कसली? आमी आदी इचारलं, लगीन रीतसर लागलंय का. भैरीच्या देवळात पायरीवर हात ठेवून व्हय म्हणाला. पाच जनांनी ऐकलंय."

काडी मोडली म्हणजे लग्न होते; हाच पुरावा होता. मी म्हातारीला समजावून सांगितले: सुनेला येथे ठेवायची तर मुलाने तिला सोडल्याचे आईलाच स्वतःच्या तोंडाने सांगावे लागेल.

भाद्रपदापासून म्हातारीने हे घरात उच्चारले नव्हते, आणि सुनेचे कुंकूही उतरू दिले नव्हते.

"सांगा, आई," सून म्हणाली. "मी होते ना तिथं."

"लिवा," म्हातारी म्हणाली. "माज्या लेकानं हिला काडी मोडून दिली. हिनं मला नाय दिली."

शेवटचे वाक्य कायद्याला नको होते. मी ते लिहिले.

म्हातारीने अंगठा दिला. पाटलांनी सही केली, आणि उरलेल्या चार पंचांना दुसऱ्या दिवशी घेऊन येण्याचे कबूल केले. सुनेच्या अर्जावर मी तिच्याकडून तिचे नाव लिहून घेतले. तेवढे तिला वाडीतल्या शाळेच्या मास्तरांनी शिकवले होते. चारच्या एस.टी.ने तिघे परत गेले. गाडीत चढताना म्हातारी पाटलांना रेड्यावरून बोलत होती, आणि सुनेने मागून तिच्या कमरेला हात दिला होता.

सुनेचे नागरिकत्वाचे प्रमाणपत्र फाल्गुनात आले. तिने शपथ घेतली ती वाडीच्या बोलीत. मामलेदारांनी हरकत घेतली नाही.

त्या दिवशी मात्र काही ठरलेले नव्हते. कचेरी रिकामी झाल्यावर मी ठाण्याला पत्र लिहिले, की अर्ज दाखल झाला आहे, निकाल लागेपर्यंत नोटिशीवर अंमल करू नये. त्याची नक्कल जिल्ह्यासाठी काढली, अलिबागच्या टपालाच्या थैलीत घातली, थैलीचे तोंड बांधून लाख वितळवली आणि शिक्का दाबला.