मधल्या तुकड्याची गजराबाई

गजराबाईनं बहात्तरच्या दुष्काळात शेकड्यानं हिंदी गाणी ऐकली, पण त्यातलं एकही पहिल्यापासून शेवटापर्यंत ऐकलं नाही. खोटं वाटतं ना? मग आधी तेच ऐका, म्हणजे पुढं ईट गावात जे रामायण झालं ते कळेल.

डोंगराच्या पायथ्याला पाझर तलावाचं काम निघालं होतं. अर्धं ईट तिथं. कुणी खडी फोडायला, कुणी माती वाहायला. मुकादमाचा ट्रान्झिस्टर बाभळीला टांगलेला असायचा. गजराबाई पाटीवाली. खड्ड्यातनं पाटी भरायची, बांधावर ओतायची, रिकामी घेऊन माघारी. ह्या वाटेच्या बरोबर मध्यावर ती बाभळ. तिच्या अलीकडं वीस पावलं आणि पलीकडं वीस पावलं, एवढंच गाणं कानावर पडायचं. त्याच्यापुढं हातोड्यांची ठाणठाण. थांबून ऐकावं म्हटलं तर मुकादम खेकसायचा, "ए बाई, लग्नाला आलीस काय?"

आता रेडिओवरची बाई गाण्याच्या आधी नावं सांगते. गायलंय कुणी, लिहिलंय कुणी, संगीत कुणाचं. ती काय गजराबाईची पाटी येईपर्यंत थांबणार होती? गजराबाई बाभळीजवळ पोचायची तवर नावं सांगून झालेली, बऱ्याचदा धृपदही होऊन गेलेलं. तिच्या वाट्याला यायचं ते दोन कडव्यांच्या मधलं वाजवणं. लोक गाण्याचं तोंड पाठ करतात. हिला गाण्याचं पोट पाठ!

आणि पोटावरनं ती माणूस ओळखायला लागली. नावं ठाऊक नव्हती, मग तिनं स्वतःच ठेवली. एकाची सारंगी मागं-पुढं हेलकावे खायची, तो 'झोपाळेवाला'. एक जण जिथं तिथं घुंगरू वाजवायचा, तो 'घुंगुरवाला'. पाटीवाल्या बायका आधी फिदीफिदी हसल्या. महिन्याभरात सगळी रांगच म्हणायला लागली, "बाई गं, आज झोपाळेवाल्याची दोन गाणी झाली!" रेशनची तांबडी मिलो ज्वारी आणि सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन दिवस काढणाऱ्या बायका त्या. त्यांना मुंबईचे बडे बडे संगीतकार असे घरच्यासारखे झाले.

पण गजराबाईचा जीव होता तो 'थांब्या'वर. ह्या थांब्याच्या गाण्यात बासरी यायची वेळ झाली की बाकीची सगळी वाद्यं क्षणभर गप्प व्हायची. लई नाही. डोक्यावरची पाटी सावरायला जेवढा वेळ लागतो तेवढाच. मग बासरी यायची. गजराबाईचा पाय तिथं आपोआप अडायचा, छाती भरून यायची आणि पुढची चाळीस पावलं पाटीला वजनच राहायचं नाही. नवरा त्याच साली गेलेला, पदरात एक बारा वर्षांचं पोरगं. ती बाई त्या साली उभी राहिली ती त्या थांब्याच्या आधारानं, असं ती स्वतःच सांगायची. आपण कोण नाही म्हणणार?

दुष्काळ सरला. गावात दूध संस्था निघाली. जयभीम नगरातल्या आठ घरांना म्हशी मिळाल्या, त्यात एक गजराबाईची. संस्थेच्या भिंतीवर मोठा रेडिओ बसवला आणि सकाळी दूध घालताना जुनी गाणी लागायला लागली. मग काय विचारता! गजराबाई पहिल्या कॅनला हजर. दूध मापून झालं तरी बाई पायरीवरनं हलायची नाही. सात वर्षांनी तिला पहिल्यांदा बसून, अख्खं गाणं ऐकायला मिळालं. पहिल्या दिवशी तर तिला चुकल्या-चुकल्यासारखंच वाटलं. म्हणाली, "अगं बया, ह्याला तोंड बी हाय की!"

संस्थेचा सचिव व्यंकट हा दुसरा नमुना. तिशीचा गडी, दुधाची फॅट काढता काढता गाण्याची वही लिहिणारा. त्यानं गावात रेडिओ श्रोता संघ काढला होता. रेडिओवर गीतकाराचं नाव राहिलं की ह्याचं डोकं फिरायचं. त्याच दिवशी पत्र टाकायचा, 'आपण आज कवीचे नाव सांगितले नाही, ही गोष्ट बरी नव्हे.' माणूस भला, पण छापील अक्षरापुढं देवाचंही ऐकायचा नाही.

तर एक्क्याऐंशी साली संस्थेचा वाढदिवस आला. व्यंकटनं टूम काढली, ओळखा पाहू स्पर्धा! दुपारची वेळ, संस्थेपुढं मांडव, अख्खा गाव लोटलेला. लाउडस्पीकर पाशामियाँचा. पाशामियाँ म्हणजे लग्नाकार्याला कर्णे लावणारे म्हातारे. त्यांच्याकडं दोन पेट्या भरून जुन्या रेकॉर्डी, त्यांना ते तवे म्हणायचे, आणि लेकरागत फडक्यानं पुसायचे. नियम असा की पाशामियाँ गाण्याचा थोडासा भाग वाजवणार आणि स्पर्धकांनी गायक, गीतकार, संगीतकार चिठ्ठीवर लिहून द्यायचे. गजराबाईला लिहिता येत नव्हतं. ती बायकांत, म्हशीच्या दाव्याला पीळ देत बसली होती.

पहिली दहा गाणी सगळ्यांनी पटापट ओळखली. पाशामियाँना मजा येईना. म्हणाले, "ऐसे नै जमता. आता मी बीचमेंच सुई ठेवतो. बघू कोन शेर हाय!" आणि त्यांनी खरंच मधोमध सुई ठेवली.

पोरं एकमेकांची तोंडं बघायला लागली. नुसतं वाजवणं, त्यात शब्द नाही की गाणाऱ्याचा आवाज नाही, ओळखायचं तरी कशावरनं? व्यंकटचं पेनसुद्धा अडलं. आणि बायकांतनं आवाज आला, "आवो, ह्यो तर माझा थांब्या!"

सगळा मांडव हसला. पाशामियाँनी दुसरा तवा लावला, मधेच सुई. गजराबाई उभीच राहिली. "ह्यो बी त्योच!" तिसरा तवा. आता तर बाई मांडवाच्या पुढं आली. "ह्यो बी थांब्याच! देवाशपथ त्योच!"

व्यंकटनं तिन्ही रेकॉर्डी हातात घेतल्या, त्यांच्यावरच्या गोल चिठ्ठ्या वाचल्या आणि कपाळाला हात लावला. "मावशी, काय सांगायलाव? पहिलं बसंत राय यांचं, दुसरं मास्टर खलील यांचं, तिसरं हरबंसलाल यांचं. तीन गाणी, तीन संगीतकार. हे बघा, छापलंय."

"छापणाऱ्यानं ऐकलं नसंल," गजराबाई म्हणाली.

टाळ्या, शिट्ट्या, नुसता कल्लोळ! व्यंकटच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. चारचौघांत श्रोता संघाच्या अध्यक्षाला एक अडाणी बाई खोटं पाडतेय म्हणजे काय! तो म्हणाला, "मावशी, अंदाजपंचे दाहोदरसे चालत न्हाय इथं. कशावरनं म्हणायलाव?"

"बासरीच्या आदी ऐका. हितं सगळी गप बसत्यात. कुणीतरी दम घ्यायलंय. तिन्हीत तेवढाच दम. दुसऱ्या कुणाला ते सुचायचं न्हाय."

"दम? अहो, संगीत हाय ते, पाटी न्हाय!"

हे लागलं बाईला. नको तिथं लागलं. तिनं दावं खाली टाकलं आणि भर मांडवात बोलली, "मंग लिव्हा त्यातल्या एका मुंबैच्या मानसाला. माझं खोटं निघालं तर जल्मात डेअरीच्या रेडिओला कान लावनार न्हाय. आन उत्तर येस्तवर बी न्हाय. झालं समाधान?"

"या अल्ला," पाशामियाँ पुटपुटले, "भैन, असा पैजेचा विडा नको उचलू."

पण बोलून गेली ती गजराबाई, आणि ईटमध्ये गजराबाईचा शब्द म्हणजे शब्द. दुसऱ्या दिवसापासून दूध घालायला सून यायला लागली, अयोध्या. पायरी रिकामी. व्यंकटनं बसंत राय यांच्या नावानं, उत्तराचं कोरं कार्ड जोडलेलं जोडकार्ड टाकलं. पत्ता एका जुन्या मासिकातनं शोधला. बारीक अक्षरात तिन्ही गाण्यांची नावं आणि थांब्याची सगळी हकिगत लिहिली. पत्र पेटीत पडलं आणि गाव वाट बघायला लागलं.

पंधरा दिवस गेले. महिना गेला. सकाळी रेडिओ लागला की गजराबाई घागर घेऊन उलट्या बाजूच्या विहिरीवर जायची, लांब पडायची तरी. वारं तिकडून आलं तर गाण्याचा एखादा तुकडा यायचाच. मग ही बाई मोठ्यानं म्हशीशी बोलायला लागायची, ऐकू येऊ नये म्हणून! अयोध्या एकदा म्हणाली, "आत्याबाई, पाव्हणे-रावळे बी हसायलेत. ऐका की जरा, कोण बघतंय?" सासू म्हणाली, "माझे कान बघत्यात." खरं सांगायचं तर तिला भीती वाटायला लागली होती. आपण दुष्काळात, पोटात भूक असताना, डोकं गरगरत असताना ऐकलेलं ते सगळं. थांब्या असा कुणी नसलाच तर? ज्याच्या जिवावर ते साल काढलं, तो आपल्या मनाचाच खेळ असला तर? रेडिओ सुटला तर सुटला. पण तो माणूसच नव्हता असं निघालं तर काय करायचं?

व्यंकटही काही सुखात नव्हता. रिकामी पायरी त्याच्या डोळ्यांत खुपायची. एकदा त्यानं पाशामियाँकडनं ते तिन्ही तवे मागवले, दार लावून एकामागून एक लावले आणि बासरीच्या आधी कान दिला. बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "चाचा," म्हणाला, "थांबतंय खरं. पण छापलंय वेगळंच की हो."

आणि दोन महिन्यांनी, एका सकाळी, ऐन दूध घालायच्या गर्दीत, पोस्टमननं लिफाफा दिला. कार्ड नाही, चांगला जाड लिफाफा! व्यंकटनं तिथंच फोडला. वाचता वाचता त्याच्या हातातलं दुधाचं माप कलंडलं, दूध टेबलावरनं खाली आलं तरी ह्याला पत्ता नाही. आणि मग गडी पळाला! रांग तशीच, कॅन उघडे, सचिव पळतोय. काय झालं म्हणून रांग त्याच्यामागं पळाली, आणि रांगेमागं धोतराचा सोगा धरून पाशामियाँ. जयभीम नगरात पोचेपर्यंत निम्मं गाव गोळा झालं.

गजराबाई गोठ्यात शेण भरत होती. एवढी माणसं बघून दचकली. "कोण गेलं?"

"कुणी न्हाय मावशी! ऐका, फक्त ऐका!" धापा टाकत व्यंकट वाचायला लागला.

'श्रीयुत व्यंकटराव यांस नमस्कार. तुमचं कार्ड बसंत रायसाहेबांनी माझ्याकडं पाठवलं. म्हणाले, ह्याचं उत्तर तूच दे. मी इनास परेरा. माझं मराठी तोडकं आहे, माफी असावी. तिन्ही गाण्यांच्या चाली ज्यांची नावं छापली त्यांच्याच आहेत. मधलं सगळं वाजवणं मात्र मी लिहीत होतो, तिघांकडंही. आम्हा असिस्टंट लोकांची नावं रेकॉर्डवर येत नसत, तशी रीतच होती.

'तुमच्या बाईंनी त्या थांबण्याबद्दल जे सांगितलं ते वाचून मी बराच वेळ खुर्चीतून उठलो नाही. आमचा बासरीवाला दम्याचा होता. मोठ्या तुकड्याच्या आधी त्याला श्वास भरायला वेळ लागायचा. खोकला आला तर सगळं रेकॉर्डिंग वाया, आणि असं दोनदा झालं असतं तर त्याला कुणी बोलावलं नसतं. म्हणून मी प्रत्येक गाण्यात त्याच्यापुरती जागा सोडत होतो. लोकांना वाटायचं, ही परेराची स्टाईल. खरं कारण त्याला आणि मला, दोघांनाच माहीत. त्याला जाऊन बारा वर्षं झाली. तुमच्या बाईंना सांगा, तिसरं माणूस निघेल असं मला कधी वाटलं नव्हतं.'

मग जो काही गलका झाला म्हणता! पोरं नाचायला लागली. पाशामियाँ डोळे पुसत म्हणाले, "सुबहानल्ला! आज पुरे गाव में भोंगा लावतो, फुकट!" व्यंकट सगळ्यांदेखत वाकला आणि गजराबाईच्या शेणानं भरलेल्या पायांना हात लावला. "मावशी, जिंकलाव तुमी. चला पायरीवर, आत्ताच्या आत्ता चला!"

गजराबाई जागची हलली नाही. होता तर. खरंच होता. आणि एक नव्हे, दोघं होते.

"काय नाव म्हन्लाव त्येचं?" तिनं विचारलं.

"परेरा. इनास परेरा."

"त्येंचं न्हाय ओ. बासरीवाल्याचं."

व्यंकटनं पत्र उलटं करून बघितलं. लिफाफ्यात बोट घालून बघितलं. सगळीकडं बघितलं, आणि त्याची मान खाली गेली. बासरीवाल्याचं नाव पत्रातही कुठं नव्हतं.

"मंग काय जिंकलं म्या?" गजराबाई म्हणाली. तिनं पदराला हात पुसले आणि ओट्यावरची जागा झाडली. "बसा हितं. लिव्हा."

व्यंकट बसला. खिशातनं पेन काढलं आणि लिहायला लागला.